दाजींचे दोन हौद

जगात रागावण्यासारख्या जेवढ्या गोष्टी आहेत, तेवढ्या सगळ्यांवर आमचे दाजी रागावून मोकळे झाले होते. आणि त्या संपल्यावर, ज्यांच्यावर आजवर कुणीच रागावलं नव्हतं अशा गोष्टी त्यांनी हाती घेतल्या. उदाहरणार्थ, डालड्याचा डबा. उदाहरणार्थ, नरसाळं, वीट, तांब्या. ज्या वस्तूला लांबी, रुंदी आणि उंची आहे अशी कुठलीही वस्तू समोर असताना कुणी तिच्याकडं नुसती नजर टाकून 'एवढुशी तर आहे' असं म्हटलं, की दाजींच्या मानेवरची शीर टरारून फुगलीच म्हणून समजा. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे हे यजमान अहमदपूरपासून सायकलीच्या टप्प्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. मी तेव्हा लातूरला कॉलेजात होतो. बैल बघायचा तर देवणीचा आणि राग बघायचा तर आमच्या दाजींचा, असं मी तिथं मित्रांना अभिमानानं सांगत असे. बैलाला निदान वेसण असते.

त्यांच्या रागाची पहिली सलामी आमच्या घरानं ऐन लग्नात ऐकली. पंगती बसलेल्या, नवरदेव मुंडावळ्या बांधून ताटावर, आणि आचाऱ्यानं लाडू वाढला. दाजींनी तो उचलला, फिरवला, डोळ्यांजवळ नेला आणि ताटात परत ठेवला. "हा लाडू सकाळच्या लाडवापेक्षा लहान का?" आचारी म्हणाला, "मालक, इवलासाच लहान हाय. बोटभर बी फरक न्हाई." संपलं! नवरदेव उभे राहिले. "इवलासा? व्यास पाचव्या हिश्श्यानं कमी केला की लाडू निम्मा होतो, निम्मा! लाडू काय नुसता रुंदीला असतो? त्याला पोट असतं!" पोटावर हात मारून त्यांनी ते दाखवलंही. वऱ्हाडी हसले, आचारी घाबरला, आणि आमचे वडील आईच्या कानाशी लागून म्हणाले, "पोरगा हुशार हाय, पण पोरीला सांभाळून राहावं लागंल." अक्कानं सांभाळलं, पण भांडी मात्र सांभाळता आली नाहीत. घरातलं प्रत्येक पातेलं, वाटी आणि गडवा आठवड्यातून चार दिवस शाळेत असायचा. भाजी चिरून झाली की अक्का दारात येऊन शाळेच्या दिशेनं ओरडायची, "अवं, कढई द्या की! घनफळ झालं आसंल तर कालवण टाकते!"

कारण दाजींचा सगळ्यात मोठा राग पाठांतरावर होता. पोरानं डोळे मिटून 'लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची' असं घडाघडा म्हटलं, की दाजी त्याच्यापुढं एक खोकं आदळत. "म्हणतोस काय? भर!" मग पोरं ते खोकं मापट्यानं ज्वारी टाकून भरायची. पत्र्याचा शंकू तीनदा भरून ओतला की त्याच तोंडाचा आणि त्याच उंचीचा गोल डबा काठोकाठ भरतो, हे पोरांना हातानं कळायचं. एकदा तो चौथ्या शंकूलाही भरेना. दाजी इतके चिडले की डब्यालाच छडी मारली. तेव्हा मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "सर, दोन शंकू घनफळ मघाशीच बकरीनं खाल्लं." त्या दिवसापासून ज्वारी बंद, वाळू सुरू.

अशात आमच्याकडं दोन गोष्टी एकदम आल्या: नवा जिल्हा आणि दुष्काळ. उस्मानाबाद सुटलं, लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या नव्या, खुर्च्या नव्या, आणि साहेब तर इतके नवे की त्यांना गावं ओळखू येत नसत आणि गावांना साहेब. त्या नव्या उत्साहात शाळेला शैक्षणिक साहित्याची एक सुंदर पेटी मिळाली. आत लाकडाचे रंगीत घन, चिती, शंकू, गोल! दाजी त्या दिवशी रागवायचं विसरले. पण हेडमास्तरांनी पेटी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप घातलं, कुलपावर सुतळी बांधली. "साहित्य वापरू नका, सर. तुटलं तर डेडस्टॉकच्या वहीत काय दाखवू?" दाजी गरजले, "पोरांनी गोल हातात घ्यायचा न्हाई, तर काय त्याची पूजा करायची?" आणि खरंच, खंडेनवमीला हेडमास्तरांनी ती पेटी बाहेर काढली, तिला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली आणि परत कुलपात घातली. दाजी प्रसाद न घेता घरी आले आणि दोन दिवस घरातल्या भिंतींशी बोलत राहिले. राग चढला की त्यांची शाळेतली शुद्ध भाषा गळून पडायची आणि खालची गावची भाषा उघडी व्हायची. "हळद लावून राहिले! शंकूला! हळद!"

दुष्काळाचं काय सांगू? तळ्याच्या तळाला भेगा पडल्या, आडात बादली सोडली की ती खणकन वाजायची. शेवटी नव्या जिल्ह्यानं टँकर मंजूर केला आणि पाणी साठवायला दोन दगडी हौद बांधायचं ठरलं. एक वरच्या गल्लीला, एक खालच्या. ग्रामसेवक दाजींकडं आला. "सर, दोन्ही हौद सारखेच पायजेत. न्हाईतर डोकी फुटतील. मापं तुमी काढून द्या." आयुष्यात पहिल्यांदाच घनफळानं दाजींच्या दारात येऊन त्यांना हाक मारली होती! पण वरच्या गल्लीत जागा दोन घरांच्या मधली, अरुंद. तिथं हौद उंचच जायला हवा. खालची गल्ली ओढ्याकाठच्या काळ्या मातीवर. तिथं उंच बांधकाम कलतं, म्हणून तो पसरट आणि बुटका. दाजींनी रात्रंदिवस मापं काढली. वरचा सहा फूट लांब, सहा रुंद, आठ उंच. खालचा बारा लांब, आठ रुंद, तीन उंच. गुणाकार करून बघा. दोन्हींचा तंतोतंत एकच. दाजींनी तो मला स्वतः करायला लावला आणि उत्तर जुळल्यावर माझ्या पाठीत असा धपका घातला की मी दोन दिवस उताणा झोपलो नाही.

हौद बांधून झाले. टँकर यायला अजून आठवडा होता. खालच्या गल्लीतली माणसं फिरत फिरत वरच्या गल्लीत आली, माना वर करून उंच हौद बघितला, घरी परत जाऊन आपला बघितला, आणि पेटली. तिथला म्होरक्या म्हणजे किराणा दुकानाचे मालक मन्मथप्पा. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलणं तुपासारखं मऊ आणि मत तेलघाण्याच्या लाकडी लाटेसारखं जड. त्यांनी आवाज जराही न चढवता निकाल दिला, "वरच्याला माडी, आमाला ओटा." आणि दुसऱ्या दिवशी खालच्या गल्लीतलं एकही पोर शाळेत आलं नाही.

दाजींवर कुणी काठी उगारली असती तर ते त्यांना परवडलं असतं. पण अर्धा वर्ग रिकामा! मी तेव्हा अक्काकडं सुट्टीला आलो होतो. खिडकीतून ऐकलं, दाजी हजेरी घेत होते आणि रिकाम्या जागांवर ओरडत होते. "महानंदा! गैरहजर. का गैरहजर? उत्तर दे! तोंड न्हाई का?" तिचं रिकामं बसकर बापडं काय उत्तर देणार? महानंदा म्हणजे मन्मथप्पांची नात. सातवीतली, बारीक, बोलली तर नेमकं बोलणारी. तिच्यावर दाजी सगळ्यात जास्त ओरडायचे. आमच्या दाजींच्या भाषेत ती शाबासकी होती.

संध्याकाळी ते मला घेऊन दुकानावर गेले.

"अप्पा, पोरगी शाळेत का न्हाई?"

"बसा सर. चहा घ्या."

"चहा नको. पोरगी द्या."

"कशी देऊ, सर?" मन्मथप्पांनी शांतपणे पुडी बांधली. "तुमचं घर वरच्या गल्लीत. हौद मोठा वरच्या गल्लीत. आज पाण्यात असं केलंत, उद्या गुण देतानी बी असंच कराल."

"अहो, दोन्हींत पाणी सारखंच मावतं! उंची तेवढी डोळ्यात भरते! लांबी-रुंदीनं तुमचं काय घोडं मारलं?"

"सर, मी दुकानदार हाय. उंच बरणीत माल जास्त मावतो, हे मला कुनी शिकवायला नको."

दाजींनी दुकानातल्या दोन बरण्या उचलल्या आणि त्या तिथंच रिकाम्या करणार, एवढ्यात मी त्यांना कमरेला धरून बाहेर काढलं. रस्त्यानं ते एकटेच बडबडत होते. "ती पोरगी घरी बसली की बसली, मेव्हणे. पोरगं चार दिवसांनी परत येतं. पोरगी येत न्हाई. लग्न करून टाकतात." त्यांच्या रागाच्या पोटात काय होतं ते मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा दिसलं.

बाजाराच्या दिवशी दाजींनी मन्मथप्पांच्या दुकानासमोरच प्रयोग मांडला. वरच्या गल्लीतल्या पोरांनी तळ्यातली चिकणमाती आणली, आमच्या घरातलं पिण्याच्या पाण्यातलं गडवाभर पाणी त्यात गेलं आणि अक्कानं कपाळाला हात लावला. "फुटाला एक बोट. जसे हौद हायत तसेच्या तसे करा!" खालची पोरं आधी लांबून बघत होती, मग जवळ आली, मग त्यांचे हात मातीत कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही. दाजींनी वाटणी केली: खालच्यांनी उंच हौद करायचा, वरच्यांनी बुटका, म्हणजे कुणी लबाडी केली असं म्हणायला नको. उंच हौदाचा कारभार महानंदाकडं गेला. आजोबा गल्ल्यावरून बघत होते, पण सगळ्या बाजारासमोर नातीला हाक मारून उठवणं त्यांनाही जमेना. उन्हानं तासाभरात माती खडखडीत वाळवली.

बाजार गोळा झाला. दाजींनी उंच हौद काठोकाठ वाळूनं भरला, वर फुटपट्टी फिरवली, आणि गारुड्यासारखे भोवती बघून म्हणाले, "आता ही सगळी वाळू बुटक्यात ओततो. एक कण कमी न्हाई, एक कण जास्त न्हाई!" ओतली.

बुटका हौद भरला नाही. चांगला वरचा भाग रिकामा राहिला.

खालच्या गल्लीच्या माणसांतून आरोळी उठली, "बघा! आमचा भरलाच न्हाई! आमचाच कमी पडला! म्हनत नव्हतो?" बायकाही ओरडायला लागल्या. त्या गोंधळात महानंदा उठली आणि आजोबांना म्हणाली, "अप्पा, वरच्यातली सगळी वाळू घालून बी आपला भरला न्हाई. म्हंजी आपलाच मोठा हाय."

दाजी तिच्यावर धावून गेले. "मोठा कसा होईल? भिंती एवढ्या जाड कशाला थापल्या?"

"सर, तुमीच म्हनलात, हौद हाय तसा करा. हौदाची भिंत तेवढीच जाड हाय. मी हात लावून बघितली."

दाजींनी मातीच्या हौदाच्या भिंतीवर अंगठा ठेवला. मग बुटक्याच्या भिंतीवर ठेवला. दोन्ही सारख्याच जाड. पण उंच हौदाच्या त्या अरुंद पोटात दोन्हीकडून भिंती आल्यावर उरलं होतं काय? मूठभर. पसरट हौदाला तेवढी भिंत जाणवतसुद्धा नव्हती. मापं दिली होती बाहेरून. गवंड्यानं हौद बांधला त्या मापात, आणि फूटभर जाडीचा दगड घातला आतल्या बाजूनं. दाजी बोलले नाहीत. आणि आमचे दाजी बोलले नाहीत हे बघून सगळा बाजार घाबरला.

ते तरातरा वरच्या गल्लीत निघाले. मागून मी, माझ्यामागं गाव. शिडी लावून ते उंच हौदावर चढले आणि मोजायचा गज घेऊन सरळ आत उतरले. उतरले म्हणजे पडलेच. शिडी बाहेर राहिली. आतून गजाचा खणखणाट आला, आणि मग तो हौद बोलायला लागला. रिकाम्या हौदातून आमच्या दाजींचा आवाज असा घुमला की समोरच्या कौलावरची कबुतरं उडाली.

"मी गाढव हाय!"

वरच्या गल्लीचे माणिकराव पुढं झाले. "सर, आधी बाहेर या."

"बाहेर येतो, आधी ऐका! मी बाहेरून मोजलं! भिंत धरलीच न्हाई! एवढी वर्षं पोरांना सांगून राहिलो की आत मावतं ते घनफळ, आन मी दगड मोजला, दगड! हा हौद लहान हाय! खालचा मोठा! लिहून घ्या!"

आम्ही शिडी आत सोडली. दाजी वर आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत चुन्यानं पांढरे झाले होते. माणिकरावांनी प्रेमानं त्यांचा खांदा झटकला, डोळा मिचकावला आणि हळूच म्हणाले, "समजलं आमाला. खालच्यांची समजूत काढून राहिलात. शाबास!"

"समजूत न्हाई! खरंच लहान हाय!"

"हाव, हाव. जरा आनखी जोरात म्हना, म्हंजी खाली ऐकू जाईल."

खाली ऐकू गेलंच होतं. वरच्या गल्लीनं दाजींच्या बोलण्यावर तसूभर विश्वास ठेवला नाही, कारण उंच हौद त्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता. खालच्या गल्लीनं मात्र शब्दन् शब्द खरा मानला, कारण तो त्यांच्या फायद्याचा होता. वरचे आपला हौद मोठा म्हणून खूश, खालचे आपला मोठा म्हणून खूश. मन्मथप्पांनी बुटक्या हौदावर नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः नातीला शाळेच्या फाटकापर्यंत आणून सोडलं. वर्ग भरला. गावात दुःखी माणूस एकच राहिला. "भांडण मिटलं, पण घनफळ कुणाला कळलं?" दाजी ताटावर हात आपटून ओरडले. अक्का भाकरी वाढत म्हणाली, "मिटलं न्हवं? मग जेवा गुमान."

पण गुमान बसेल तो दाजी कसला? वरच्या गल्लीला दर टँकरला पाणी कमी मिळणार, आणि ते त्यांच्या चुकीनं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. ते परत मन्मथप्पांकडं गेले. वरच्या हौदावर दगडाचे थर चढवू, म्हणजे दोन्ही सारखे होतील. मन्मथप्पांनी ऐकून घेतलं. "आनखी उंच? सर, मग पोरगी परत घरी ठेवू का?" दाजी दुकानाच्या पायरीवर उभे होते. आत महानंदा चिंचोके मोजत बसली होती. आयुष्यभरात मी त्यांना उत्तर गिळताना पाहिलं ते त्या एकाच वेळी.

दुसऱ्या दिवसापासून दाजींच्या खांद्यावर कावड दिसायला लागली. दोन्ही टोकांना घागरी. घर वरच्या गल्लीत, शाळा वरच्या गल्लीत, उंच हौद दारात. पण घरचं आणि शाळेच्या माठाचं पाणी ते खालच्या हौदावरून भरून चढणीनं वर आणायचे. आपण दोघांनी आणि शाळेनं वरचं पाणी घेतलं नाही, तर तेवढं तरी गल्लीला उरेल, असं त्यांचं गणित. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी वरच्यांनी 'हाव, हाव'च म्हटलं असतं. खालच्या बायका हौदावर चेष्टा करायच्या, "का वो सर, वरचं पानी आळणी लागतंय व्हय?" माणिकराव कौतुकानं म्हणायचे, "समजूत अजून काढूनच राहिलेत बगा." आणि दाजी चढणीवर दम खात, दोघांनाही शिव्या देत, पाणी न सांडता वर यायचे. एकदा मी कावड हातातून घेतली आणि दहा पावलांत खाली ठेवली. "घनफळ जड असतं, मेव्हणे," ते खेकसले. पाऊस येईपर्यंत हे चाललं. उजवा खांदा त्या उन्हाळ्यात जो उतरला, तो पुन्हा वर आला नाही. महानंदा मात्र दहावीपर्यंत शिकली. दाजी तिच्यावर शाळेच्या शेवटच्या दिवसापर्यंत ओरडत होते.

आता दाजी लातूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये असतात. मी परवा गेलो होतो. यंदाही पाण्याची बोंब आहेच. खाली सोसायटीत टँकर लागला होता आणि गच्चीवरच्या टाकीसाठी भांडण चाललं होतं. दाजी खिडकीशी खुर्चीत बसले होते, एका बाजूला कललेले. अक्कानं तिकडं उशी लावली होती. नातवाचे प्लॅस्टिकचे रंगीत ठोकळे पायांशी पडले होते. शंकू होता, चिती होती, कुलूप नव्हतं, हळदही नव्हती. दाजी त्यांच्याकडं नुसते बघत होते. अक्का स्वयंपाकघराच्या दारात मला हळूच म्हणाली, "ओरडत न्हाईत रे आता. समदी भांडी जागच्या जागी असतात. करमत न्हाई."

मला राहवलं नाही. मी आतून दोन पेले आणले, एक उंच निमुळता आणि एक बसका. उंच पेल्यात पाणी भरलं आणि त्यांच्यासमोर धरून, अगदी निरागस चेहऱ्यानं म्हणालो, "दाजी, उंच पेल्यात पाणी जास्तच मावतं, नाही का?"

मग मानेवरची ती जुनी शीर हळूहळू वर आली.

"गाढवा," दाजी म्हणाले. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, पण शब्द तोच होता. "आण इकडं."

त्यांनी पेला माझ्या हातातून हिसकावून घेतला आणि बसक्या पेल्यात ओतायला लागले. थोडं पाणी पेल्यात गेलं, थोडं टेबलावर. बसका पेला भरायला बोटभर कमी राहिला. दाजींनी त्याच्याकडं बघितलं, मग टेबलावरच्या ओघळाकडं बघितलं.

"सांडलेलं पण हिशोबात धर," ते म्हणाले. "सांडलेलं धरायचं असतं, मेव्हणे."

अक्का फडकं घेऊन आली होती. तिनं पुसलं नाही.